आईची सनद आणि सिंगापूरचं बंदर

सिंगापूरला जायचं ठरलं ते देवळीत, आमच्या दुकानात, फवारणी पंपांच्या खोक्यांवर बसून. ठरवायला तिघे होते: बाबा, काका आणि कंपनीचा माणूस. जिच्यामुळे ही टूर मिळाली, ती त्या वेळी काउंटरवर उभी राहून एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होती, "हे मारलं की आठ दिवस वांगी तोडाची नाई, भाऊ. नाई तं तुमच्याच घरचे बिमार पडतीन." ती माझी आई.

ज्यांना आमचा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बियाणं आणि पिकांची औषधं विकणाऱ्या कंपन्या दुकानदाराला वर्षाचं टार्गेट देतात. ते पूर्ण झालं की दुकानदाराला परदेशी फिरवून आणतात. सोबत एक माणूस नेता येतो. हा सोबतचा माणूस म्हणजे आमच्याकडे भाऊ, साळा, नाही तर दोस्त. टूर परतली की मोबाइलवर फोटो येतात. एका रंगाच्या टोप्या घातलेले पंधरावीस पुरुष कोणत्या तरी कारंज्यासमोर उभे. मागे पाण्यात एखादी परी असते, दगडाची. तेवढीच काय ती बाई.

मी त्या रविवारी सिंदी मेघ्याहून आले होते. मी तिथे राहते आणि वर्ध्याला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते.

"तर दादा, तुम्ही आणि तुमचे भाऊ," कंपनीचा माणूस म्हणाला. "पासपोर्टच्या झेरॉक्स अक्षय्य तृतीयेच्या, तुमच्या अखाजीच्या आत पाठवून द्या. मृगाच्या आधी परत आणून सोडतो."

"आई काऊन नाई?" मी विचारलं.

तो हसला. "मॅडम, लेडीज सहसा येत नाहीत. बोअर होतात."

"किती जणींले विचारलं तुमी?"

त्याने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "अवं, तिले काय समजते तिथलं? आन् उकाडा असते म्हणे सिंगापूरले."

"मंग इथी मे महिन्यात काय बर्फ पडून राह्यला का?"

काका खोक्यावर बसल्या बसल्या हसला. त्याला हसायला काही जात नव्हतं. त्याचा पासपोर्ट चार वर्षांपासून तयार आहे. त्यावर तो अजून एकदाही कुठे गेलेला नाही, पण त्याच्याकडे पासपोर्ट आहे हे अर्ध्या देवळीला माहीत आहे.

तेवढ्यात आईने, गिऱ्हाइकाची पिशवी बांधताना, मान न वळवता विचारलं, "तिथं जहाजं जवळून दिसतात का जी?"

कंपनीच्या माणसाला प्रश्नच कळला नाही. मला कळला. दुकानात ट्रक खाली होतो तेव्हा माल मोजून घेते आई. शटरच्या आतल्या बाजूला खडूने चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. हमालाने एक खोकं लपवलं तरी तिला कळतं. मी लहान असताना एका बुरशीच्या औषधाच्या खोक्यावर सिंगापूर बंदराचं नाव छापून येत असे. ते कुठे आहे, हे तिने मला विचारलं होतं. मी शाळेच्या नकाशात बोट ठेवून दाखवलं. ती म्हणाली, "एवढ्याशा टिपक्यात एवढा माल मावते? आन् तिथं मोजते कोण?" याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नव्हतं. पुढे मी वाणिज्य शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेतलं, तरी देता आलं नाही.

"दिसतात ना," मी सांगितलं. "समुद्राच्या काठानं रांगच असते."

"मंग पाहाले पाह्यजे," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

एवढं स्पष्ट तिने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

कंपनीचा माणूस चहा पिऊन गेला. मग बाबांनी खरं कारण सांगितलं. "पाच दिवस दुकान कोण पाहीन?"

मी म्हटलं, "म्हणजे तुमी गेले तं दुकान चालते, आन् आई गेली तं बंद पडते. मंग टार्गेट कोणं पूर्ण केलं, बाबा?"

बाबा वाईट माणूस नाहीत. पण खरं बोललं की ते पेपर उघडतात. त्यांनी पेपर उघडला आणि त्याच्याआडून म्हणाले, "अखाजीच्या आत पासपोर्ट आणून दाखव तिचा. नाई आला तं भाऊ जाईन. मले दोन गोष्टी सांगू नको."

पुढच्या रविवारी आई माझ्याकडे आली. टेबलावर लॅपटॉप, बाजूला तिच्या कागदांची प्लास्टिकची पिशवी. मी एका वहीत पाच दिवसांचा आराखडा आधीच काढून ठेवला होता. पहिल्या दिवशी काय, दुसऱ्या दिवशी काय, पायात चप्पल की बूट, शेंगदाण्याची चटणी नेता येते की नाही. आई तो आराखडा वाचत होती आणि मी अर्ज भरत होते. अर्जात शिक्षणाचा रकाना आला.

"काई तरी टाक," आई म्हणाली.

"काई तरी कायले? तू दहावी पास हायेस."

"त्याले किती वर्षं झाले."

"म्हणून नापास झाली का तू?"

दहावी झाल्याचा पुरावा दिला नाही, तर आईच्या वयाच्या माणसाच्या पासपोर्टावर कमी शिकलेल्यांसाठीचा एक शिक्का बसतो. फिरायला जाणाऱ्याला त्या शिक्क्याने काही फरक पडत नाही. पण मला पडत होता. बाबा नववीतून घरी बसले. काका बारावीत राहिला. आई तिच्या माहेरच्या, रोहण्याच्या शाळेतून दहावी झाली, तीही गणितात चांगले गुण घेऊन, आणि घरात ही गोष्ट कधी कोणी बोललं नाही. मी पहिली पदवीधर म्हणून माझा फोटो पेपरात आला, तेव्हा तिला बातमीत "गृहिणी" लिहिलं होतं. दुकानाचं नावही नव्हतं. तो राग माझ्यात होताच. मी तिची दहावीची सनद पिशवीतून काढली आणि अर्जाला लावली.

इथेच माती खाल्ली मी.

वर्ध्याला पासपोर्टच्या कार्यालयात खिडकीपलीकडे एक मुलगी होती, माझ्या विद्यार्थिनींपेक्षा थोडीच मोठी. तिने आधार कार्ड पाहिलं, सनद पाहिली, पुन्हा आधार पाहिलं.

"मॅडम, या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत."

"एकच आहे. ही काय, समोर बसली."

"कागदावर दोन आहेत. नाव वेगळं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव, आडनाव वेगळं."

नाव वेगळं होतं, कारण लग्नात बदललं होतं. आडनावाचं मी समजू शकते, पण आमच्याकडे बाईचं पहिलं नावसुद्धा बदलतात. ताटात तांदूळ पसरतात, नवरदेव त्यात अंगठीने नवीन नाव लिहितो, बाया हसतात, पेढा वाटतात, झालं. अठरा वर्षं जे नाव तिचं होतं, ज्या नावाने ती शाळेत हजर म्हणाली, ते गेलं. दोन वर्षांपूर्वी माझ्या लग्नात तेच ताट माझ्यासमोर आलं, तेव्हा मी नवऱ्याला माझंच नाव लिहायला लावलं. मांडवात कुजबुज झाली, "शिकलेली हाये ना बाप्पा." आणि आई माझ्या कानात म्हणाली होती, "लिहू दे ना माय, एका दिवसाचा खेळ असते." त्या वाक्याचा राग मी दोन वर्षं सांभाळून ठेवला होता.

एका दिवसाचा खेळ. सनदेवरची मुलगी रोहण्याची, आधारवरची बाई देवळीची, आणि ताटभर तांदळाने दोघींची फारकत केलेली. खिडकीतली मुलगी नियमाने बोलत होती, तिच्यावर चिडून उपयोग नव्हता. तरी मी चिडले.

तिने शांतपणे दोन रस्ते सांगितले. सनद काढून टाका, अर्ज आजच पुढे जाईल, फक्त तो शिक्का बसेल. किंवा विवाह नोंदणीचा दाखला आणा, ज्यात दोन्ही नावं असतील, आणि मग परत या.

"काढून टाक," आई लगेच म्हणाली.

"नाई," मी म्हटलं. "आम्ही दाखला आणतो."

देवळीच्या बसमध्ये आई खिडकीशी बसली. सेलुकाटे गाव मागे पडलं. मग ती एकदम म्हणाली, "तुह्या रागापायी माहं जहाज जाईन."

"तू शिकलेली हायेस, हे लपवाचं का मंग?"

"मले माहीत हाये मी शिकली. जहाजाले काय करायचं त्याचं?"

खरं सांगायचं तर तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की हा अर्ज मी आईसाठी भरते आहे की माझ्यासाठी. अखाजीला महिना उरला होता.

घरी बाबांना सांगितलं. ते जेवत होते. घास थांबवून म्हणाले, "आता सनद कायले लावाची? दहावी होऊन कोणते दिवे लागले?"

ते सहज बोलले. त्यांच्या मनात काही नव्हतं, आणि त्याचाच जास्त संताप येतो. मी तोंड उघडणार तोच आई उठली. तिने सनद टेबलावरून उचलली, प्लास्टिकच्या पिशवीत सरळ ठेवली आणि पिशवीला दोन वेळा रबर गुंडाळला.

"सोमवारी रोहण्याले जाऊ," ती म्हणाली. "तुमीही या. लग्न तुमचंही होतं."

लग्न रोहण्याला लागलं होतं, म्हणून नोंदणी तिथल्या ग्रामपंचायतीत. लग्नपत्रिका मामाच्या पेटीत निघाली, हळदीचा डाग जागच्या जागी. लग्न लावणारे महाराज वारलेले, त्याचा वेगळा कागद. आणि लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार. एक मामा, दुसरी मामाच्या शेजारची आजी. तिसरा माणूस देवळीकडचा हवा, असं ग्रामसेवक फोनवर म्हणाले. देवळीकडचा, हिंडता फिरता आणि सोमवारी रिकामा माणूस एकच होता.

काका कपाळाला हात लावून बसला. "म्हणजे सही करून माही सीट मीच कापू का?"

"तुम्हीच कापा," आई म्हणाली. "लग्नातल्या पंगतीत चार वेळा बसले होते म्हणे तुमी. त्याची साक्ष तं द्यावीच लागन."

काका आला. कुरकुरत का होईना, स्वतःच्या गाडीने सगळ्यांना घेऊन आला.

ग्रामपंचायतीच्या खोलीत पंखा होता, वारा नव्हता. ग्रामसेवक वयाने लहान, पण कामाचा माणूस. त्याने दोन्ही नावं लिहिली आणि सहज विचारलं, "नाव बदललं, काही विशेष कारण?"

बाबा म्हणाले, "रीत हाये."

"रीत नाई दादा," काका म्हणाला. त्याला गोष्ट सांगायला मिळाली की तो खुर्ची पुढे ओढतो. "तुमाले आठवत नाई का? ताईचं नाव तेच होतं ना. वहिनीचं नाव आन् आपल्या ताईचं नाव एकच. बुडी म्हणाली, एका घरात एका नावाच्या दोन नको, हाक मारली तं दोघी येतीन. म्हणून वहिनीचं बदललं. मले आठवते, मी दोन दिवस चुकून जुन्याच नावानं बोलावलं, तं बुडीनं उलथनं फेकून मारलं होतं."

हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. बुडी म्हणजे माझी आजी, आणि ताई म्हणजे माझी आत्या. तिला मी ज्या नावाने ओळखते ते आईच्या सनदेवरचं नव्हे.

"पण आत्याचं नाव तं वेगळं हाये," मी म्हटलं.

"ते तिच्या सासरी बदललं," काका म्हणाला. "वहिनी आली त्याच्या पुढच्याच वर्षी तिचं लग्न झालं ना." तो हसत हसत हे बोलला, आणि बोलता बोलता त्याचं हसणं आपोआप थांबलं.

म्हणजे एका घरात एका नावाच्या दोन नकोत म्हणून आईचं नाव काढून घेतलं. वर्षभरात दुसरीही गेली, तिचंही काढून घेतलं गेलं. त्यानंतर आमच्या घरात त्या नावाचं कोणीच नव्हतं. नाव रिकामं पडून होतं. ते परत द्यावं असं एवढ्या वर्षांत एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही. घरात जुना पंपसुद्धा रिकामा पडला की आधी कोणाचा होता ते आठवून त्याला परत देतात.

बाबा टेबलाकडे पाहत म्हणाले, "तवा कोणाच्या ध्यानात आलं असन?"

"माह्या आलं होतं," आई म्हणाली.

"मंग बोलली काऊन नाई?"

"कोणाले?"

ग्रामसेवकाने उगाच शिक्क्याच्या पॅडवर शिक्का दाबला. शेजारची आजी पदराने वारा घेत होती, ती तेवढी म्हणाली, "गोड नाव होतं वं तुहं." आणि मी, मांडवात नाव सोडलं नाही म्हणून स्वतःला फार मोठी समजणारी, मान खाली घालून पिशवीचा रबर सोडवू लागले. कारण आईने ताटासमोर मला "एका दिवसाचा खेळ" म्हटलं, ते खेळ समजून म्हटलं नव्हतं. तो खेळ किती दिवस चालतो हे तिला माहीत होतं. मला पहिल्याच दिवशी सासरी वाईटपणा येऊ नये, एवढाच तिचा हिशेब होता. मला अजूनही तो पटत नाही. पण आता तो मला कळतो.

सह्या झाल्या. काकाने सर्वांत शेवटी, सर्वांत मोठी सही केली.

परतताना गाडीत तो म्हणाला, "वहिनी जाईन टूरले. मी दुकान पाहतो. पण मले औषधाची नावं येत नाई."

"नावं नका शिकू," आई मागच्या सीटवरून म्हणाली. "डब्यावर त्रिकोण असते, रंगाचा. लाल त्रिकोणवालं सगळ्यात जहरी, ते मले फोन केल्याशिवाय कोणाले द्याचं नाई. आन् घरात भांडण झालेला माणूस दिसला तं पिवळंही नाई द्याचं. उद्या ये म्हणाचं."

काकाने आरशातून तिच्याकडे पाहिलं. या दुकानात औषध विकण्याखेरीजही काही काम चालतं, हे बहुधा त्याला तेव्हा समजलं. बाबा पुढच्या सीटवर होते. देवळीला उतरताना आईची कागदांची पिशवी त्यांनी हातात घेतली, आणि दुकानात नेऊन परवाना ठेवतात त्या कपाटात ठेवली.

पासपोर्ट अखाजीच्या पाच दिवस आधी आला. नाव सासरचं, शिक्का नाही. माझं म्हणणं होतं की आता जुनं नाव परत घे, कागद आहेतच. आई म्हणाली, "मंग आधार बदला, बँक बदला, अन् पुन्हा कोणती तरी पोरगी म्हणन, या दोन बाया हायेत. राहू दे. आधी जहाज पाहून येऊ दे." यावर मी वाद घातला नाही. एकदा तिचं जहाज घालवता घालवता राहिले होते.

मग कंपनीचा कार्यक्रम आला मोबाइलवर. पहिला दिवस कारंजं. दुसरा दिवस खरेदी. तिसरा दिवस पुन्हा खरेदी. बंदर कुठेच नाही. आणि त्याखाली टूरला येणाऱ्यांची यादी, सगळ्या दुकानदारांची पूर्ण नावं, प्रत्येकापुढे "+१". बाबांच्या नावापुढेही "+१".

मी तिथल्या तिथे कंपनीच्या माणसाला फोन लावला. दुकानातच होते, आई समोर खोकी मोजत होती, काका त्रिकोण पाहून डबे लावत होता. मी म्हटलं, यादीत माझ्या आईचं नाव लिहा. तो म्हणाला, "मॅडम, ते फॉरमॅट असतं, सगळ्यांचंच तसं आहे." मी म्हटलं, सगळ्यांचं तसं आहे हीच तक्रार आहे. आणि तिसऱ्या दिवसाची अर्धी खरेदी काढून बंदर टाका.

"तिथं पाहण्यासारखं काही नाही हो. नुसते कंटेनर असतात."

"तेच पाहाचे हायेत आईले."

मग तो म्हणाला, "बरं, नाव सांगा."

मी सांगणार होते, तोंड उघडलंही होतं. मग फोन आईकडे दिला.

आईने खडू शटरच्या कडेवर ठेवला, हात पदराला पुसला आणि फोन कानाला लावला. "हं, लिहून घ्या," ती म्हणाली. "मागच्या मालात तुमचे दोन डबे फुटके आले, ते पहिले लिहा." पलीकडून तो काहीतरी म्हणाला असावा. "नाई, पहिले ते," आई म्हणाली. त्याचं लिहून होईपर्यंत ती थांबली. मग तिने आपलं नाव सांगितलं, आडनावापासून, सावकाश, आणि त्याला ते परत वाचून दाखवायला लावलं.